ऊन, थंडी, उंची आणि बीपी: वर्षभर रक्तदाब कसा सांभाळायचा

मे महिन्यात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, बीपी तं आता एकदम नॉर्मल येऊन राह्यलं. मंग गोयी कायले खाऊ?" अकोल्यातला मे, पारा ४५ च्या आसपास, आणि विचारणारा खोटं बोलत नसतो. त्याचा आकडा खरंच उतरलेला असतो. तोच माणूस डिसेंबरात येतो आणि म्हणतो, ही गोळी काही लागू पडेना, दुसरी कंपनी द्या. गोळी तीच, डोस तोच, माणूसही तोच. बदललेली असते ती हवा.

मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. डोस ठरवणं माझं काम नाही आणि या लेखातून तुम्हीही तो ठरवू नका. पण ऋतू बदलला की आकडे कसे हलतात, त्यातलं किती हवेमुळे आणि किती आजारामुळे, आणि डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं, एवढं नीट कळलं तर मे महिन्यात गोळी सोडणारे आणि डिसेंबरात घाबरणारे, दोघांचंही भलं होईल.

शरीरात नेमकं काय होतं

थंडी वाजली की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शरीर हे आपोआप करतं. रक्त तेवढंच, वाट अरुंद, त्यामुळे दाब चढतो. शिवाय थंडीत घाम येत नाही, म्हणजे मीठ बाहेर पडायचा एक रस्ता जवळजवळ बंद. उन्हाळ्यात सगळं उलट: रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त कातडीकडे धावतं, घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं, दाब उतरतो.

हा फरक आहे तरी किती? युरोपातल्या अभ्यासांची सरासरी धरली तर हिवाळ्याच्या तुलनेत उन्हाळ्यात वरचा आकडा ५ ने आणि खालचा ३ ने कमी भरतो. ही झाली सरासरी. एखाद्या माणसात तो १० ते १५ सुद्धा असतो, आणि वय वाढतं तसा वाढतो. ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या नोंदी १९८२ साली प्रसिद्ध झाल्या, त्यातही हेच दिसलं होतं: हिवाळ्यात दाब जास्त, उन्हाळ्यात कमी, आणि वयस्कर मंडळींमध्ये ही तफावत मोठी. इंग्लंडमधल्या दुसऱ्या एका पाहणीत घराच्या आतलं तापमान एका अंशाने घटलं की वरचा आकडा साधारण अर्ध्याने वाढलेला आढळला. म्हणजे बाहेर किती थंडी आहे यापेक्षा तुम्ही ज्या खोलीत झोपता, बसता, ती किती गार आहे याला महत्त्व जास्त.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. "आज हवेचा दाब कमी आहे, आभाळ आलंय, म्हणून माझं बीपी कमी झालं" असं बरेच जण म्हणतात. यंत्रावर दिसणारं १२० म्हणजे आजूबाजूच्या हवेच्या दाबापेक्षा १२० ने जास्त. हवा समुद्रकाठी सुमारे ७६० मिलिमीटर पाऱ्याइतकी दाबत असते. ती जशी बाहेरून दाबते तशीच शरीरातून, रक्तातूनही पोचलेली असते, म्हणून ती मोजमापात धरलीच जात नाही. ढगाळ दिवशी ती थोडीशी घटली तर तुमच्या आकड्यात थेट काही वजा होत नाही. हवेचा दाब खरा त्रास देतो तो डोंगरावर, आणि तोही ऑक्सिजन कमी पडल्यामुळे. त्याकडे पुढे येऊ.

आधी मोजणं सुधारा

हवेचा परिणाम शोधायचा तर मोजण्यातली चूक आधी बाजूला काढायला हवी, कारण ती हवेच्या परिणामापेक्षा सहज मोठी असते. लघवी तुंबलेली असताना मोजलं, मोजताना बोलत राहिलात, तर वरचा आकडा दहाच्या घरात वाढू शकतो. हात हृदयाच्या पातळीच्या १० सेंटीमीटर खाली लोंबत असेल तर सात-आठ उगाच जास्त येतात. हे तर साधं भौतिकशास्त्र आहे.

पद्धत अशी. चहा, कॉफी, तंबाखू, चालणं यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी न चढवता पाच मिनिटं गप्प बसा, मोबाइल बाजूला. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आवडलेला तेवढाच लिहू नका.

हिवाळ्यात लोक स्वेटरवरून पट्टा बांधतात किंवा बाही वर सरकवून तिचा दंडाला आवळ बसू देतात. दोन्हींमुळे आकडा बिघडतो. बाही काढा, अंगावर शाल घ्या, फक्त दंड मोकळा ठेवा. बाहेरून गारठून आला असाल तर पाच मिनिटं पुरणार नाहीत. हातपाय उबदार होईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात उन्हातून आल्यावर मोजलेलाही आकडा नोंदीत धरू नका. आणि यंत्र? बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत १० ते ४० अंशांतच वापरा असं छापलेलं असतं. टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी तीन वाजता, किंवा गाडीच्या डिकीतून काढल्या काढल्या मोजलं तर यंत्राला दोष देता येत नाही.

पट्ट्याचा आकार बघा. यंत्राबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड जाड असेल तर तो आखूड पडतो आणि आकडा खोटा चढतो. दुकानात आम्ही टेपने दंड मोजून देतो. मागा, कोणी नाही म्हणणार नाही.

वहीत हवेचा रकाना घाला

आमच्याकडे नेहमी येणारे एक काका आहेत, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांची शंभर पानी वही मी कितीतरी गिऱ्हाइकांना दाखवली आहे. तारीख, वेळ, दोन आकडे, नाडी हे सगळेच लिहितात. काकांनी शेवटचा रकाना स्वतःच्या डोक्याने वाढवला: हवा. त्यातल्या मे महिन्यातल्या एका सकाळच्या ओळीत आहे: ११२/६८, रात्री लाइट नव्हती, कूलर बंद, उठताना अंधारी. जानेवारीतली एक ओळ: सकाळी साडेसहा, १४८/८८, फार गारठा. आणि त्याखाली लगेच दुसरी: नऊ वाजता, उन्हात बसून आल्यावर, १३६/८२.

या तीन ओळींनी डॉक्टरांना जे सांगितलं ते दवाखान्यातल्या एका मापाने कधी कळलं नसतं. काकांचं बीपी पहाटेच्या थंडीत चढतं आणि मे महिन्यात गरजेपेक्षा खाली जातं. डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरती त्यांची लघवीची (म्हणजे लघवीवाटे पाणी-मीठ काढून दाब उतरवणारी) गोळी कमी केली आणि ऑक्टोबरात पुन्हा पूर्ववत केली.

रोज मोजून रोज काळजी करायची नाही. मोजण्याचा एक आठवडा ठरवा: सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्या आकड्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ती जास्त. दवाखान्यात जी मर्यादा १४०/९० धरतात तिची ही घरची जोडीदार. असे चार आठवडे वर्षातून पाळा: मार्चची सुरुवात, मे, ऑक्टोबरची अखेर आणि जानेवारी. मार्च आणि ऑक्टोबरचे दोन महत्त्वाचे, कारण डोस बदलायचा तर तो ऋतू डोक्यावर बसायच्या आधी.

उन्हाळा: गोळी बंद करायची नाही, तपासून घ्यायची

२०२४ च्या मे अखेरीस उष्णतेमुळे अकोल्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा दिवसांत बीपीच्या माणसाला दोन उलट धोके असतात. एक, गोळी मनानेच सोडणं. दोन, गोळी तशीच चालू ठेवून पाणी कमी पडू देणं.

मार्चमध्ये डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप घेऊन जा, नुसतं "ती पांढरी छोटी" म्हणू नका. उन्हाळ्यात ज्यांच्याकडे विशेष बघावं लागतं त्या अशा: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापमाइड यांसारख्या लघवीच्या गोळ्या, ज्या आधीच घामाने गेलेल्या पाण्या-मिठात आणखी घट करतात, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या, ज्या पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात, आणि प्रोस्टेटसाठी दिलेली टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन, ज्यांनी उठल्यावर दाब आणखी पडतो. पुष्कळदा पहिले दोन प्रकार एकाच गोळीत असतात आणि घेणाऱ्याला ते माहीतही नसतं. नावापुढे "एच" किंवा "सीटी" अशी अक्षरं दिसली तर मेडिकलवाल्याला विचारा. अॅम्लोडिपिनने पायाला सूज येत असेल तर ती उन्हाळ्यात वाढते. ते बीपी बिघडल्याचं लक्षण नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्यासारखं नक्की आहे.

याच दिवसांत डोकं दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागायला लोक येतात. लघवीची गोळी, सार्टन किंवा प्रिल गटातली गोळी आणि वर ही वेदनाशामक, असं त्रिकूट उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला अचानक इजा करू शकतं. माझ्या काउंटरवरून मी सगळ्यात जास्त वेळा परत पाठवतो ते हेच गिऱ्हाईक.

उठता-बसताना अंधारी येते का, हे घरीच तपासता येतं. पाच मिनिटं आडवे राहून मोजा, मग उभे राहा, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. जवळ कोणीतरी असू द्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. तोवर सकाळी पलंगाच्या कडेला थोडं बसून मगच उठायचं, आणि रात्री लघवीला उठताना तर नक्कीच. पुरुषांनी रात्री बसून लघवी करावी, लाज वाटायचं कारण नाही. संडासात पडून कंबरेचं हाड मोडलेले मी पाहिलेत.

पाणी किती प्यायचं याचं एकच उत्तर नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतकं, ही ढोबळ खूण. ज्यांना हृदय कमजोर म्हणून किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून सांगितलंय त्यांनी ही खूण वापरू नये. उन्हाळ्यासाठी नवं माप डॉक्टरांकडून घ्यावं.

आता ओआरएस. उन्हाळ्यात लोक ते सरबतासारखं पितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एका पुडीत, म्हणजे एक लिटर पाण्यात, साधारण १७०० मिलिग्रॅम सोडियम असतं. त्याच संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे पाचेक ग्रॅम मीठ, अशी सांगितली आहे. जुलाब झाले, दिवसभर उन्हात राबून घामाने निथळलात, तर ओआरएस औषध आहे. कूलरसमोर बसून टीव्ही बघताना ते औषध नाही. त्यापेक्षा साधं पाणी, बिनमिठाचं पातळ ताक, कमी मिठाचं पन्हं. सैंधव घातलं म्हणून मीठ टळत नाही, तेही सोडियम क्लोराइडच. बाजारात कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. सार्टन-प्रिल गटातली गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि आपल्याकडे पापड, कुरडया, लोणची वर्षाची होतात ती नेमकी याच दिवसांत; चाखता चाखता किती मीठ पोटात जातं ते करणारीलाच ठाऊक.

उन्हाळ्यात दिवसाचा आकडा उतरतो म्हणून रात्रीचाही उतरतो असं समजू नका. झोपेत दाब दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी खाली जायला हवा. उकाड्याने झोप मोडली, रात्रभर कूस बदलण्यात गेली की हा उतार नीट मिळत नाही, आणि काही रुग्णांत तर गरम दिवसांमध्ये रात्रीचा दाब वाढलेला आढळला आहे. म्हणून डॉक्टरांनी सकाळची गोळी कमी केली तरी रात्रीची आपल्या मनाने कमी करायची नाही.

गोळ्या ठेवायची जागाही बघा. बहुतेक स्ट्रिपवर ३० अंशांखाली ठेवा असं असतं. मे महिन्यात आपल्या घरातली तशी जागा शोधावी लागते: आतली, जमिनीलगतची, भिंतीत ऊन न येणारी. गॅसजवळचं कपाट किंवा फ्रीजच्या डोक्यावरचा डबा नको. टेल्मिसार्टन ओल पकडते, त्यामुळे आठवड्याच्या डबीत आधीच सोलून ठेवू नका; खायच्या वेळी स्ट्रिपमधून काढा. पावसाळ्यात हे दुप्पट खरं.

खारपाणपट्ट्यातलं पाणी

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी मुळातच खारं. मातीतून आलेलं मीठ हाही निसर्गाचाच परिणाम, आणि बीपीच्या हिशेबात तो कोणी धरत नाही. समजा पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि उन्हाळ्यात तुम्ही चार लिटर प्यालात. जेवणाच्या आधीच दिवसाची मर्यादा संपली. सगळं खारं पाणी सारखं नसतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, सोडियम किती, यावर परिणाम ठरतो. टीडीएसचं पेन फक्त एकूण क्षार दाखवतं, त्यातलं सोडियम वेगळं दाखवत नाही. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुना देऊन सोडियम मोजून घ्या. जागतिक आरोग्य संघटना चवीच्या दृष्टीने लिटरला २०० मिलिग्रॅम ही पातळी सांगते. उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटून घट्ट होतं; आरओने जातं. निदान प्यायला आणि वरणाला तरी गोडं पाणी वापरा.

पावसाळा

पावसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हवा गार होते, आकडा उन्हाळ्याच्या तळातून हळूहळू वर येतो. चिखलामुळे चालणं सुटतं आणि भजी सुटत नाहीत, ही खरी अडचण. मुंबई-कोकणात दमटपणामुळे घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, म्हणून तापमान कमी दिसलं तरी अंधारी, थकवा उन्हाळ्यासारखाच येऊ शकतो. घरातल्या घरात, जिन्यात, मंदिराच्या सभामंडपात, कुठेही चाला, पण चाला.

हिवाळा

निफाडला पारा पाचच्या खाली गेला की बातमी होते. आमच्याकडे तेवढं होत नाही, पण आपली घरं थंडीसाठी बांधलेली नाहीत. फरशी गार, खिडकीला फट. त्यामुळे बाहेर १० अंश असताना आतही फारसं वेगळं नसतं. झोपताना पायमोजे, कानटोपी, आणि खोलीची फट बंद. शेकोटी किंवा शेगडी मात्र बंद खोलीत कधीच नाही; त्यातून निघणारा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

पहाटेचे तास सांभाळा. जाग आल्यावर दाब तसाही चढतो, त्यात थंडीची भर. पाच वाजता फिरायला जाणाऱ्यांनी दोन महिने साडेसात-आठला जावं. कोवळं ऊन मिळतं, आणि पहाटे जमिनीलगत साचून राहिलेला धूरही तोवर थोडा विरतो. हवेतला हा बारीक धूर स्वतःच दाब वाढवतो. काकडआरती, कार्तिकस्नान सोडा असं मी म्हणणार नाही. अंगावर गार पाण्याचा तांब्या एकदम ओतू नका, एवढंच. हात गार पाण्यात बुडवून दाब किती चढतो हे बघण्याची चाचणी डॉक्टर मंडळी गेली नव्वदेक वर्षं करत आली आहेत. सगळं अंग बुडवल्यावर काय होईल ते वेगळं सांगायला नको. उलट टोकही नको. कडकडीत पाण्याने खूप वेळ अंघोळ करून गार खोलीत आल्यावर, किंवा गरम पाण्याच्या कुंडातून एकदम उठल्यावर भोवळ येते ती याच चढउतारामुळे.

हिवाळ्यात बीपी बिघडवणारी सगळ्यात छुपी वस्तू आमच्याच काउंटरवर विकली जाते: सर्दीची गोळी. फेनिलेफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या नाक मोकळं करतात ते रक्तवाहिन्या आकसून, आणि त्या फक्त नाकातल्याच आकसत नाहीत. "सर्दीची द्या" म्हणाल तेव्हा पुढे "मला बीपी आहे" हे जोडा. नाकातले थेंब दिवसेंदिवस वापरू नका. आधी वाफ आणि मिठाच्या पाण्याचे थेंब.

आकडा हिवाळ्यात पाच-सातने वाढला आणि सरासरी १३५/८५ च्या आत आहे, तर काही करायचं नाही, लिहून ठेवा. सरासरीच वर गेली असेल तर "थंडीमुळे असेल" म्हणून फेब्रुवारीची वाट बघत बसू नका. कारण थंडी असली तरी मेंदूच्या नसेला दाब तेवढाच बसतो.

डोंगर: चारधाम आणि लेह

आमच्या भागातून चारधामला जाणाऱ्या बसेस मे-जूनमध्ये निघतात. म्हणजे ४५ अंशांतून, मैदानातून, उन्हाळ्यामुळे उतरलेलं बीपी आणि कदाचित सोडलेली गोळी घेऊन माणूस निघतो, आणि काही दिवसांत केदारनाथला ३५८३ मीटरवर पोचतो. तिथे हवेचा दाब, आणि म्हणून श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन, समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. कमी ऑक्सिजन जाणवला की शरीर धोक्याची घंटा वाजवल्यासारखं वागतं: नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. त्यात थंडी, चढ आणि अर्धवट झोप.

एव्हरेस्टच्या बेस कॅम्पजवळ, सुमारे ५४०० मीटरवर झालेल्या एका अभ्यासात औषध न घेणाऱ्या निरोगी माणसांचा चोवीस तासांचा सरासरी वरचा आकडा सुमारे १४ ने वाढला होता. टेल्मिसार्टन त्या उंचीवर निष्प्रभ ठरली, पण ३४०० मीटरवर तिचा उपयोग दिसला. पेरूमध्ये सुमारे ३२६० मीटरवर बीपीच्या रुग्णांना टेल्मिसार्टनबरोबर निफेडिपिन दिल्यावर दाब आटोक्यात राहिला. म्हणजे यात्रेच्या उंचीवर गोळ्या काम करतात, चालू ठेवल्या तर.

निघायच्या महिनाभर आधी मोजण्याचा आठवडा पाळा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सरासरी आटोक्यात नसेल तर आधी ती आणा, मग तिकीट. उन्हाळ्यासाठी डोस कमी केलेला असेल तर डोंगरावर काय करायचं हे लिहून घ्या. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून देतात ती अॅसिटाझोलामाइडची गोळी सुरू करायचं ठरलं तर सल्फाची अॅलर्जी आणि लघवीची गोळी, दोन्ही सांगा. या दोन गोळ्या मिळून पोटॅशियम घटतं. गोळ्या दिवसांच्या दीडपट घ्या, कारण रस्ता बंद पडला की दोन-तीन दिवस सहज वाढतात. निम्म्या हातातल्या पिशवीत, निम्म्या सोबत्याकडे.

चढ हळू ठेवा. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम. केदारनाथच्या घाईच्या सहलीत तो पाळला जातच नाही: गुप्तकाशी साधारण १३०० मीटर, आणि दुसऱ्या रात्री मुक्काम मंदिराजवळ. जमेल तर एक रात्र सोनप्रयाग किंवा गौरीकुंडला काढा आणि वर मुक्काम न करता दर्शन घेऊन उतरा, अर्थात चालणं झेपत असेल तर. हेलिकॉप्टरने दम वाचतो, पण शरीराला सवय व्हायला वेळ अजिबात मिळत नाही; उतरल्यावर अर्धा तास बसा, मग रांगेत लागा. लेह ३५०० मीटरवर आहे आणि विमान तुम्हाला थेट तिथेच सोडतं. पहिले दोन दिवस हॉटेलात लोळणं हाच कार्यक्रम. खारदुंगला ही त्याहून कितीतरी उंच खिंड तिसऱ्या दिवसाच्या आत नको, मग टूरवाल्याने काहीही छापलेलं असो.

यंत्र न्यावं का? न्यावं. पण पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकेत ८०० ते १०६० हेक्टोपास्कल अशी हवेच्या दाबाची मर्यादा दिलेली असते, आणि ८०० म्हणजे साधारण २००० मीटर उंची. त्याच्या वर यंत्र चालतं, पण अचूकतेची हमी कंपनी देत नाही. म्हणून तिथला एकेक आकडा धरून बसू नका, कल बघा. सेल थंडीत दगा देतात, ते अंगाजवळच्या खिशात ठेवा. दहा-पंधराने वाढ दिसली आणि बरं वाटतंय, तर विश्रांती आणि नेहमीची गोळी. मनाने जास्तीची गोळी घेऊन खाली उतरलात की गरम मैदानात पोचल्यावर दाब धाडकन पडतो.

बसल्या जागी धाप लागणं, खोकला थांबेना, चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं: यात बीपीचा आकडा कितीही असो, त्याच क्षणी खाली उतरायचं. दर्शन बाकी असलं तरी.

मुलांकडे परदेशी जाताना

डिसेंबरात न्यू जर्सी किंवा टोरोंटोला जाणाऱ्या आईबाबांना घराच्या आत उकडतं आणि बाहेर बर्फ. आतबाहेर करताना अंगावरचे थर आधी घालून मगच दार उघडा. विमानातल्या हवेचा दाब जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीवर असावा तितका असतो, नियंत्रित बीपीला तो सहसा चालतो. गोळीची वेळ घड्याळाप्रमाणे एकदम न बदलता डॉक्टरांकडून लिहून घ्या. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि घटकाचं नाव असलेली चिठ्ठी बरोबर हवी, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या फार्मसीत कोणाला कळत नाहीत.

हवेला दोष देऊ नका असे प्रसंग

पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून १८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, चेहऱ्याची एक बाजू वाकडी, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दिसायला अंधुक, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. लक्षण नसेल तर शांत बसा, गोळी चुकली का ते बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जिभेखाली कोणाची तरी गोळी ठेवून दाब झटक्यात उतरवायचा जुना उद्योग करू नका.

उन्हाळ्यात वरचा आकडा १०० च्या खाली आणि चक्कर असेल, तर पाय उंच करून आडवे व्हा, शुद्धीवर असाल तर पाणी घ्या, आणि पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अंग तापलेलं आणि माणूस बरळतोय, तर तो उष्माघात. कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडत राहा, वारा घाला, तोंडात काही ओतू नका आणि गाडी बोलवा. जाताना वही आणि स्ट्रिपांची पिशवी बरोबर घ्या. कॅज्युअल्टीतला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो गोळ्या कोणत्या चालू आहेत हाच.